झाडाखालचं पत्रक

१

प्रज्ञा भिंगारदिवे रोज सकाळी साडेदहाला विद्यापीठाच्या नगर केंद्रातल्या ग्रंथालयात हजर व्हायची आणि संध्याकाळी पाचलाच बाहेर पडायची. गावाचं नाव बोर्डावर अहिल्यानगर झालंय, पण भिंगारहून रिक्षात बसताना ती "नगर" म्हणायची आणि रिक्षावालाही मान हलवायचा. ग्रंथालय म्हणजे तरी काय हो, वरच्या मजल्यावरची लांबोडकी खोली. कपाटं चार, संगणक सहा, एक पंखा कुरकुरणारा आणि दुसरा कायमचा बंद. नवी पोरं हे बघून नाक मुरडायची. प्रज्ञाला मात्र ठाऊक होतं की खरं ग्रंथालय त्या कपाटांत नव्हतंच, ते भारती मॅडमच्या डोक्यात होतं.

भारती मॅडम तिथल्या ग्रंथपाल. पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. अर्थशास्त्राचं अमुक पुस्तक द्या म्हणून कुणी आलं की त्या आधी विचारायच्या, "पुस्तक राहू दे बाजूला, तुझा प्रश्न काय ते सांग." विद्यापीठाच्या लॉगिननं घरबसल्या नियतकालिकं कशी उघडायची, नगरला नसलेला अहवाल पुण्याच्या मुख्य ग्रंथालयातून कसा मागवायचा, हे सगळं त्यांनीच प्रज्ञाला शिकवलं. दुसऱ्याचा प्रबंध हातात घेतला की आधी शेवटची पानं वाचायची, हेही त्यांचंच. "माणूस काय म्हणतो ते पुढं असतं. कुठून उचललं ते मागं असतं," असं त्या म्हणायच्या.

प्रज्ञाचा विषय होता बायकांचं न मोजलेलं काम. पाणी, सरपण, दळण, म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं, ज्याला कुणी काम म्हणत नाही ते सगळं. ही कल्पना तिला पुस्तकातून सुचली नव्हती. तिचे पप्पा भिंगारला लष्कराच्या डेपोत नोकरीला, राहायला स्टाफ क्वार्टर. घरात ती, पप्पा, मम्मी आणि धाकटा भाऊ सम्राट. नळाला पाणी पहाटे चारला यायचं आणि ते भरायला वीस वर्षं मम्मीच उठत होती. तिच्या त्या वीस वर्षांची नोंद कुठल्याच तक्त्यात नव्हती, आणि याची प्रज्ञाला खरोखर चीड यायची.

घराण्यात डॉक्टरेटपर्यंत पोचलेली ही पहिलीच. पप्पांनी अख्ख्या डेपोला सांगून ठेवलं होतं. मम्मीचं वेगळंच. पाचवीत पहिली आली तेव्हा प्रज्ञाला बक्षीस म्हणून एक स्टीलचं ताट आणलं होतं आणि भिंगारच्या बाजारात बसणाऱ्या नाव घालणाऱ्याकडून त्यावर "प्रज्ञा" कोरून घेतलं होतं. सोळा-सतरा वर्षं ती त्याच ताटात जेवत होती. मम्मी ते घासताना अंगठ्यानं कडा पुसायची आणि म्हणायची, "नावाच्या आदी जागा हाय बरं का. पदवी मिळाली की नेऊन 'डॉ.' घालून आणते."

२

ग्रंथालयाची सूची चाळता चाळता प्रज्ञाला १९६२ सालचा एक अहवाल सापडला. मिरजगावपासून सात किलोमीटरवर चिंचाळवाडी नावाचं गाव आहे, तिथल्या साठ घरांत कोण दिवसभर काय करतं याची पाहणी. शेवटच्या पानावर साठ घरांचे नंबर छापलेले होते. १९९१ साली पुन्हा कुणीतरी तीच साठ घरं पाहिल्याची नोंद होती. तीच घरं तिसऱ्यांदा पाहायची, म्हणजे साठ-बासष्ट वर्षांचा पट हाती येणार. तिचे मार्गदर्शक रविराज सर खूश झाले. "पण साठ म्हणजे साठ हं," ते म्हणाले. "एकोणसाठनं नमुना मोडतो. परीक्षक तेवढंच धरून बसतात."

छापील अहवालात नुसते तक्ते होते. घराघरात बसून भरलेले दोन्ही पाहण्यांचे मूळ फॉर्म, ज्याला ही मंडळी पत्रक म्हणतात, ते पुण्याला खोक्यांत बांधून पडले होते. भारती मॅडमनी मागणी धाडली. "येतील सावकाश. खोकी उघडायला तिथं माणूस नाही," त्या म्हणाल्या. प्रज्ञानं वाट न बघता गाव गाठलं.

एकोणसाठ घरं झाली. काही पडली होती, काहींच्या जागी स्लॅब आला होता, पण माणसं होती आणि बोलत होती. राहिलं एकशे सतरा. एकशे सोळा नंबरच्या भिंतीला लागून एक अरुंद बोळ होता आणि बोळाच्या पलीकडे थेट एकशे अठरा. बोळाच्या तोंडाशी एक म्हातारी तुरी निवडत बसली होती.

"आजी, एकशे सतरा कुठलं?"

"न्हाई."

"म्हणजे पडलं का?"

"पडाया आदी असाया लागतंय, पोरी. हितं कंदी घर नव्हतं. माझं लगीन झालं तवापून बगतीया मी."

"पण जुन्या यादीत नंबर आहे ना."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "ते तुमास्नी ठावं. तुमी शिकल्याली मानसं. ह्याच्या आदी बी एक पोरगा आल्ता इचारीत, हितंच हुबा हुता तुझ्यावानी. न्हाई तर न्हाई म्हनून लिव. न्हाई त्याला हाय म्हनू नगं."

खरं तर पत्रकात तशी सोय होती. पहिल्याच पानावर छोटा चौकोन होता, "घर सापडले नाही." एक बरोबरची खूण केली की काम झालं. पण साठ म्हणजे साठ.

गावात न फिरता पारावर सावलीला बसून कुणी मनानंच पत्रक भरलं, तर जुने पाहणीकार त्याला झाडाखालचं पत्रक म्हणतात. हा शब्द भारती मॅडमनीच तिला हसत हसत सांगितला होता. प्रज्ञाला झाडसुद्धा लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात, खिडकीजवळच्या तिच्या नेहमीच्या टेबलावर, तिनं अर्ध्या तासात एकशे सतरा भरून काढलं. कुटुंबप्रमुख कानिफनाथ, वय बासष्ट. बायको बनुबाई, पंचावन्न. सून चांगुणा, तीस. बाकी घरांची सरासरी पाच माणसांची येत होती, म्हणून आणखी दोघं हवे होते. भीमा, वय अठ्ठावीस. रामहरी, वय एकतीस. आता यांचं नातं काय लिहायचं? मुलगा लिहावं तर मग चांगुणाचा नवरा कोणता, पुढचे दहा रकाने बदलणार. वैताग नुसता! महिनाभर घरात जेवलेला-झोपलेला पाहुणाही माणसांत धरायचा, असा पाहणीचा नियम होता. तिनं दोघांपुढं "पाहुणा" लिहिलं आणि मोकळी झाली. दिनक्रमाच्या पानावर दुपारी दोन ते चार हा रकाना राहिला. तिला कंटाळा आला होता. पाचही जणांपुढं तिनं एकच लिहिलं, "दारात बसणे."

त्याच संध्याकाळी साठ घरांची माहिती तिनं ग्रंथालयाच्या संगणकावरून विद्यापीठाच्या डिजिटल साठ्यात जमा केली. नियमच होता तसा.

३

पंधरा दिवसांनी भारती मॅडमनी खोलीच्या टोकावरून हाक मारली, "अगं ये, पुण्याहून तुझं लग्नाचं वऱ्हाड आलं!"

१९६२ ची साठच्या साठ पत्रकं स्कॅन होऊन आली होती. पिवळे कागद, निळी शाई, कडेला वाळवीची नक्षी. प्रज्ञा हरखून गेली. ज्या एकोणसाठ घरांत ती पाणी पिऊन आली होती त्यांच्या आजे-सासवा त्या कागदांवर पाणी भरत होत्या. पहाटे चार ते सहा, विहीर. सहा ते आठ, विहीर. तिनं दोन वाजेपर्यंत डबासुद्धा उघडला नाही.

एकशे सतरावर "घर सापडले नाही" अशी खूण असणार, हे तिनं धरूनच चाललं होतं. पत्रक भरलेलं होतं.

कुटुंबप्रमुख कानिफनाथ, वय बासष्ट. बायको बनुबाई, पंचावन्न. सून चांगुणा, तीस. तीनच माणसं. दिनक्रमाच्या पानावर दुपारी दोन ते चार, तिघांपुढं, बारीक नेटक्या अक्षरात, दारात बसणे.

प्रज्ञानं स्वतःचं पत्रक पिशवीतून काढून शेजारी ठेवलं आणि बोट लावत ओळ अन् ओळ ताडून पाहिली. घराची दारं, एक. दाराचं तोंड, उत्तर. चुली, एक. ते दोन पाहुणे सोडले तर तिनं डोक्यातून काढलेलं एकूण एक उत्तर त्या कागदावर आधीपासून होतं.

आता तीही काही भोळीभाबडी नव्हती, संख्याशास्त्रात विद्यापीठात दुसरी आलेली. तिनं स्वतःला समजावलं. नावं काय, या भागात कानिफनाथ आणि बनुबाई पैशाला पासरी. वयं आपण गोल धरतो तशी त्यानंही धरली असतील. अहवालात कुठंतरी उदाहरण म्हणून हे घर छापलं असेल आणि आपण वाचून विसरलो असू. तिनं अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला. कुठंच नव्हतं.

पत्रकाच्या तळाशी पाहणी करणाऱ्याची सही होती. भीमा, एवढंच, आडनाव वाळवीनं खाल्लं होतं. तिला आधी हसू आलं. म्हणजे बाबा, तुलाही घर सापडलं नाही तर, तूही झाडाखाली बसलास. मग तिची नजर शेजारच्या तिच्या पत्रकातल्या चौथ्या ओळीवर गेली, आणि हसू जिथल्या तिथं राहिलं.

४

दुसऱ्या दिवशी १९९१ ची पत्रकं आली. प्रज्ञानं बाकी काही न बघता एकशे सतरा उघडलं.

कानिफनाथ बासष्ट, बनुबाई पंचावन्न, चांगुणा तीस. एकोणतीस वर्षांनीही वयं तीच. याचं कारण सोपं होतं, या गड्यानं जुन्यावरून उतरवलं. पण माणसं आता चार होती. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, भीमा, पाहुणा, वय अठ्ठावीस, शिक्षण एम.ए. खालची सही रामहरीची होती.

तिला घाम फुटला. पण ग्रंथालयात बसलेल्या माणसाकडं भीतीवर एक उपाय असतो, शोधत सुटणं. १९६२ च्या अहवालाची प्रस्तावना तिनं काढली. "आमच्या तीन पाहणीकारांनी अतिशय कष्टाने ही पत्रके भरली," असे आभार होते. तिनं साठ पत्रकांवरच्या सह्या मोजल्या. अक्षरं चार तऱ्हेची होती, सह्या चार जणांच्या. प्रबंधांच्या यादीत रामहरी नावाचा कुणी सापडेना. मग भारती मॅडमनी पुण्याच्या एका निवृत्त ग्रंथपालांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"एक्क्याण्णवच्या पाहणीवाल्या सरांकडे? एकच मुलगी होती पीएच.डी.ला, तिचाही विषय वेगळा," पलीकडून आवाज आला. "मुलगा? नाही बुवा. कुणीच नव्हता."

"मग पत्रकं कुणी भरली, साहेब?"

"हां," तो आवाज म्हणाला. "हे मात्र कधी मनात आलं नाही."

ते बिचारे चांगले होते. जुन्या सभासद अर्जांचा गठ्ठा बघून त्यांनी दुपारपर्यंत एका कागदाचा फोटो पाठवला. नाव रामहरी, वय एकतीस, विषय अर्थशास्त्र. फोटो चिकटवायच्या जागी डिंकाचा चौकोनी डाग होता.

चार वाजता शिपाई नेहमीसारखा चहा घेऊन आला. रोज दोन कप असायचे, आज एकच होता. भारती मॅडमनी तो उचलला, घोटभर प्यायल्या आणि समोर बसलेल्या प्रज्ञाला बघून दचकल्या. "अगं बाई! तू कधी आलीस?"

"सकाळपासून इथंच आहे, मॅडम."

"हो की गं. वय झालं माझं," म्हणून त्यांनी अर्धा चहा बशीत ओतून तिच्यापुढं सरकवला.

तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. ओठावर आलंही होतं. पण प्रबंध सादर करायला आठ दिवस उरले होते, आणि खोटं पत्रक कबूल केलं की पाच वर्षं पाण्यात. पप्पा डेपोत तोंड कसं दाखवणार? प्रज्ञानं बशीतला चहा पिऊन टाकला.

५

त्या रात्री जेवणाला मम्मीनं तीन ताटं मांडली.

पप्पांचं, सम्राटचं, तिचं स्वतःचं. प्रज्ञा पाण्याचा तांब्या घेऊन उभीच राहिली. तिघं जेवायला बसले, सम्राटनं भाकरी मोडली.

"मम्मी, मला?"

मम्मीनं वर पाहिलं. क्षणभर, फक्त क्षणभर, तिच्या डोळ्यांत परक्या माणसाकडं बघताना असतो तसा सभ्यपणा होता. मग ती कपाळावर हात मारून उठली. "आगं माझी बाय ती! इसरलेच की! डोकं ठिकाणावर न्हाई माझं." मांडणीवर खडखडाट झाला. "आन् तुझं ताट कुटं गेलं? सकाळी तर घासून ठेवलं हुतं."

ताट सापडलं नाही. ती साध्या ताटलीत जेवली. सम्राट तिला चिडवत होता, डॉक्टर झाल्यावर सोन्याचं ताट घेशील म्हणून, आणि ती हसत होती.

सकाळी उठल्याबरोबर तिनं रविराज सरांना फोन लावला आणि एका दमात कबुली दिली. सर हसले. "एक पत्रक ना? कोण करत नाही? सादर करून टाक."

"नाही सर, मला ते काढायचंय. सापडलं नाही म्हणून खूण करायचीय. एकोणसाठ तर एकोणसाठ."

"तुझी पाच वर्षं आहेत, माझी नाहीत," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

ठरलं म्हणजे ठरलं. साडेदहाला ती ग्रंथालयात गेली, नेहमीच्या टेबलावर बसली आणि पत्रकाच्या पहिल्या पानावरच्या त्या छोट्या चौकोनात लाल पेनानं खूण केली. जिवाला एवढं बरं वाटलं की डोळे भरून आले. आता साठ्यातली माहिती दुरुस्त करायची. तिनं लॉगिन टाकलं. पडद्यावर आलं, या नावाचा सभासद नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच.

"मॅडम, लॉगिन चालेना माझं."

भारती मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "नाव काय तुमचं?"

पाच वर्षांत त्यांनी तिला कधी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. प्रज्ञानं पिशवी उचलली आणि जिना उतरली. मागं वळून बघायचा धीर तिला झाला नाही.

६

चिंचाळवाडीत ती पोचली तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. ऊन मरणाचं. गावात चिटपाखरू नव्हतं, कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती. एकशे अठराच्या दाराला कुलूप होतं आणि ओट्यावर सूप पालथं पडलेलं होतं.

काय करायला आलो आहोत, हे तिला नेमकं सांगता आलं नसतं. बोळ बघायचा, नुसता बोळ. भिंतीला हात लावायचा, इथं घर नाही असं मोठ्यानं म्हणायचं आणि परत जायचं. म्हातारीनं सांगितलं होतं तेच, फक्त तोंडानं.

बोळाच्या तोंडाशी जमीन ओली होती. कुणीतरी नुकतंच सारवलं होतं. शेणाचा ताजा वास येत होता, बोटांचे फराटे उन्हात चमकत होते. बोळ तिला आठवत होता तेवढाच अरुंद होता, हातभर. त्या हातभर जागेत एक उंबरा होता, आणि उंबऱ्याच्या आत दार अर्धं उघडं होतं. दाराचं तोंड उत्तरेला होतं.

"इथं घर नाही," असं ती म्हणायला गेली.

आतून पळीचा आवाज येत होता, कुणीतरी पळीनं ताटाताटात वाढत पुढं सरकत होतं. उजेड अर्ध्या दारातून जेवढा आत जाईल तेवढाच होता. पाठी दिसल्या. ओळीनं पाटांवर बसलेल्या पाच पाठी, सगळ्यांचं तोंड पलीकडे. एक फेटा होता, दोन पदर होते. बाकीच्या दोघांचे शर्ट शहरी होते, एकाच्या शर्टाची कॉलर जुन्या तऱ्हेची, लांब टोकांची. कुणी जेवत नव्हतं. सगळे हात मांडीवर ठेवून थांबले होते.

ओळीच्या शेवटी, दाराच्या अगदी जवळ, सहावा पाट रिकामा होता. त्याच्यापुढं स्टीलचं ताट होतं, घासून लख्ख केलेलं, कडा पुसलेल्या. तिच्या पायापासून चार हातांवर. त्यावरचं नाव वाचायला तिला वाकावंसुद्धा लागलं नाही. आणि नावाआधीची जागा आता मोकळी नव्हती. तिथं "डॉ." घातलेलं होतं.

पळीचा आवाज थांबला. कडेच्या पाठीनं हळूहळू मान वळवायला सुरुवात केली, तशी प्रज्ञा पळाली. चप्पल तिथंच राहिली. फाट्यापर्यंतची तापलेली डांबरी सडक ती अनवाणी धावली आणि टेम्पोला हात करताना तिच्या लक्षात आलं की आपण मोठमोठ्यानं मम्मीला हाका मारतोय.

७

त्या रात्री ती घरी कशी पोचली, कुणी दार उघडलं, हे तिला नीट आठवत नव्हतं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपली एवढं खरं. सकाळी जाग आली तेव्हा अंगावर पाहुण्यांसाठी ठेवलेली नवी चादर होती. पप्पा डेपोत गेले होते. सम्राट तिच्या टेबलावर आपली पुस्तकं मांडत होता आणि शीळ घालत होता.

साडेबाराच्या सुमारास दारात आरोग्य खात्याच्या आशाताई आल्या, दरवर्षीची घरमोजणी करायला. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. मम्मी पदराला हात पुसत दारात गेली. प्रज्ञा मोरीत तोंड धूत होती. ती तशीच, ओल्या चेहऱ्यानं, मम्मीच्या मागं येऊन उभी राहिली.

"घरात माणसं किती, काकू?"

"तीन," मम्मी म्हणाली. "आमचे मालक, मी आन् पोरगा."

"मम्मी," प्रज्ञा म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "मम्मी, मी."

मम्मी वळली. तिच्या चेहऱ्यावर माया होती, नाही असं नाही. दारात आलेल्या कुणाच्याही लेकीकडं बघताना तिच्या चेहऱ्यावर असायची तेवढी होती.

"आन् ह्या?" आशाताईंनी पेनानं तिच्याकडं दाखवलं.

"ही व्हय? ही पाहुणी हाय," मम्मी म्हणाली. "कालच्याला आली. लई दमून आल्ती बिचारी."

"पाहुणे आम्ही नाही धरत," आशाताई म्हणाल्या. त्यांनी वहीत तीनचा आकडा घातला, दारावर खडूनं खूण केली आणि शेजारच्या घराकडं वळल्या.

प्रज्ञानं मम्मीचा हात धरला. पहाटे चारचं पाणी भरून भरून घट्टे पडलेला हात. त्या हाताचं काम मोजण्यात तिची पाच वर्षं गेली होती. "मम्मी, मी प्रज्ञा. पाचवीत पहिली आले, तू ताट आणलंस. नाव घातलंस त्याच्यावर. नावाआधी जागा ठेवलीस. आठव ना गं. एकदाच आठव."

मम्मीनं हात सोडवला नाही. पोरीला बरं नाही एवढं तिला कळलं असावं. तिनं दुसऱ्या हातानं पदरानं तिचा ओला चेहरा पुसला. "रडू नगं, बाय. कुनाची हायेस तू? घरचे वाट बगत असतील की तुझ्या." मग स्वयंपाकघराकडं पाहून ती जरा ओशाळली. "जेवून जा म्हनले असते, पर तिघांपुरतंच केलंया आज."

प्रज्ञानं मान हलवली. पिशवी खांद्याला लावली. तिला चप्पल नव्हती, तर मम्मीनंच आपली जुनी काढून दिली, परत आणू नको म्हणाली. खडूची खूण केलेलं दार मागं बंद झालं. भिंगारच्या बाजारात नाव घालणारा आपल्या जागेवर बसून कुणाच्या तरी तांब्यावर टकटक करत होता.

मिरजगावची एसटी दोनला होती.